करवत पाठवली, वायर राहिली

परवा केळशीहून काकांचा फोन आला. नेहमीप्रमाणे आधी हवा, मग आंबा, मग कोणाकडे कोण आलंय आणि किती दिवस राहणार आहे. शेवटी म्हणाले, "अरे, शेजारचा मुलगा आपली वायर मागायला आला होता, ग्राइंडर लावायला. दिली. पण आधी त्याच्याकडून पूर्ण उलगडून घेतली हो, मगच बटण लावू दिलं!"

मी हसलो. काकूंनी मागून काहीतरी टोमणा मारला, तो नीट ऐकू आला नाही. पण फोन ठेवल्यावर जरा गप्पच झालो. काकांच्या उजव्या तळव्यावर आज जो पांढरट डाग आहे, त्यात माझाही वाटा आहे, हे घरात कोणी बोलत नाही. म्हणून म्हटलं आज लिहून टाकावं. विषय तसा अगदी रुक्ष आहे. एक्स्टेन्शनची वायर! पण मंडळी, शेवटपर्यंत वाचा. तुमच्याही गावच्या घरी अशी एक वायर असणार.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, ते आठवत असेलच. अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ते दुपारी किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० पर्यंत. केळशी तिथून थोडी खाली, पण दापोली आणि मंडणगड तालुक्यांना त्याने अक्षरशः पिळून काढलं. आमच्या वाडीतल्या अर्ध्याहून जास्त पोफळी मधोमध मोडल्या. माड पडले, दोन फणस पडले आणि आजोबांच्या हातचा रायवळ आंबा मुळासकट उलटून गडग्यावर आडवा झाला. गावातले विजेचे खांब आडवे, मोबाईल बंद. काकांचा आवाज ऐकू आला तो पाचव्या दिवशी. "घराची कौलं गेली, माणसं आहेत," एवढंच म्हणाले आणि फोन कट झाला.

आम्ही इकडे पुण्यात. टाळेबंदी, जिल्हा ओलांडायला ई-पास, घरात आईचं वय. जाता येईना. मग शहरात राहणारा माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. वस्तू पाठवायला लागलो. ताडपत्र्या पाठवल्या, खिळे पाठवले, सौर दिवे पाठवले. दिवे परत यायला गावात बरेच आठवडे गेले. मोठी झाडं पेट्रोलच्या कटरवाल्यांनी कापून रस्ते मोकळे केले होते, पण वाडीतला पसारा तसाच होता. कटरवाल्याला तेव्हा बोलावणं म्हणजे लग्नाच्या दिवसांत भटजी शोधण्यासारखं. काका सत्तरी ओलांडलेले, पण रोज सकाळी कुऱ्हाड घेऊन वाडीत. काकू फोनवर रडकुंडीला यायच्या.

म्हणून ऑगस्टमध्ये मी एक विजेवरची साखळीची करवत घेतली. दोन हजार वॅटची. घेण्याआधी आठ दिवस अभ्यास केला बरं का! पेट्रोलची का नको (जड, दोरी ओढून चालू करायची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं), पात्याची लांबी किती हवी, साखळीला तेल कसं जातं, आपोआप थांबणारा ब्रेक आहे का, सगळं पाहिलं. गॉगल घेतला, हातमोजे घेतले. गावाकडे पत्रे घेऊन जाणारा एक टेम्पो मिळाला, त्यात सगळं बांधून दिलं. त्या रात्री फार बरं वाटलं होतं. आपण काहीतरी केलं, असं.

करवतीला वायर किती होती? जेमतेम हातभर. बहुतेक अशा अवजारांना तेवढीच असते. तिच्यापुढे लावायला काय आहे, हा प्रश्न मला त्या आठ दिवसांत एकदाही पडला नाही. "घरात असेल काहीतरी," एवढंच मनात आलं असणार. खरं तर तेही आलं नव्हतं.

आता आमच्या वाडीची रचना सांगायला हवी. किनारपट्टीच्या गावांतून वाड्या कशा असतात हे माहीत असलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. रस्त्याला लागून बेडं, मग खळं, मग ओटी-माजघर-स्वयंपाकघर आणि मागची पडवी. पडवीला लागून विहीर. त्यामागे वाडी, रुंदीला बेताची पण लांबीला भरपूर, पार मागच्या गडग्यापर्यंत. मध्यावर रिकामा गोठा. विहिरीचं पाणी पाटाने पोफळींना जातं, त्यामुळे वाडीतली जमीन बाराही महिने ओलसर. आणि विजेचं शेवटचं बटण पडवीत. म्हणजे उलटलेला आंबा आणि वीज यांच्यामध्ये सरळ रेषेत चाळीस मीटरचं अंतर.

हे अंतर काकांनी कशाने भरून काढलं? आमच्याकडे चैत्रात महालक्ष्मीचा उत्सव असतो, अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत. तेव्हा घर पाहुण्यांनी भरतं आणि खळ्यातल्या मांडवाला काका दिवे लावतात. त्यासाठीची वायर त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. लाल आणि पिवळी, एकमेकींना पीळ घातलेली. तीच ती, सगळ्यांच्या घरी असते ती! चार तुकडे जोडून केलेली, प्रत्येक जोडावर काळी चिकटपट्टी. २०२० मध्ये चैत्रातच टाळेबंदी असल्यामुळे ती खुंटीवरून खाली उतरलीच नव्हती. एका टोकाला सॉकेट होतं. दुसऱ्या टोकाला टॉप नव्हता, तारा सोलून बोर्डाच्या भोकात घालायच्या आणि काडेपेटीच्या काड्या खोचून घट्ट करायच्या. (हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांनी हे केलेलं आहे.)

सप्टेंबरच्या शेवटी काकांनी करवत चालू केली. दोन दिवसांनी फोन. "तुझी करवत दमाची नाही रे. सुरू होते, जरा लाकडात शिरली की रडायला लागते. गरमही होते."

माझा पापड मोडला. एवढा अभ्यास करून घेतलेली वस्तू! मी दुकानदाराला फोन करून बराच बोललो. त्याने शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, "साहेब, मागे वायर कुठली लावलीय आणि किती लांब?" मला वाटलं, हा अंग काढून घेतोय. म्हटलं, "वायर आहे हो घरातली, चांगली आहे." आणि फोन ठेवला. काकांना सांगितलं, "काका, जास्त दाबू नका, हळूहळू कापा."

हे माझं वाक्य मला अजून आठवतं.

त्या दुकानदाराचं म्हणणं किती बरोबर होतं, ते पुढे मी कागदावर मांडून पाहिलं. गणित आठवीतलं आहे, घाबरू नका. दोन हजार वॅटची करवत २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेते. वायरची जाडी मोजतात ती आतल्या तांब्याच्या छेदाची, चौरस मिलिमीटरमध्ये. दुकानात त्याला नुसतं "एमेम" म्हणतात. मांडवाची वायर अर्ध्या एमेमची. असं तांबं किलोमीटरला ३९ ओहम अडवतं. चाळीस मीटर वायर म्हणजे वीज जाणार चाळीस आणि परत येणार चाळीस, एकूण ऐंशी मीटर. झाले ३.१ ओहम. त्याला ९ ने गुणा. सुमारे २८ व्होल्ट वाटेतच खर्च! गावात दुपारी दाब आधीच दोनशेच्या आसपास असायचा. म्हणजे आंब्यापाशी पोचत होते पावणेदोनशेच्या आतबाहेर. आणि मोटरची ताकद दाबाच्या मानाने जास्तच वेगाने घसरते. करवत रडणार नाही तर काय करेल? शिवाय लाकडात शिरताना आणि अडकताना ती ९ पेक्षा पुष्कळ जास्त मागते, तेव्हा तर विचारूच नका.

बरं, वाटेत खर्च झालेले ते व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत. ९ गुणिले २८, म्हणजे अडीचशे वॅट. जुने शंभरचे अडीच बल्ब त्या वायरच्या पोटात जळत होते म्हणा. वायर मोकळी पसरलेली असली तर ही उष्णता हवेत निघून जाते. पण काकांनी जी काही उरलेली वायर होती ती व्यवस्थित वेटोळं करून पडवीत ठेवली होती. नीटनेटका माणूस ना! वेटोळ्यात उष्णता कोंडते, प्लॅस्टिक मऊ होतं आणि आतल्या तारा एकमेकींकडे सरकायला लागतात. ब्रिटनमध्ये वायरीची जी रिळं मिळतात त्यांच्यावर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेली असताना किती वॅट आणि पूर्ण सोडल्यावर किती. पहिला आकडा दुसऱ्याच्या पुष्कळच खाली असतो. आपल्याकडे घरी बांधलेल्या वायरीवर कोण छापणार?

सप्टेंबरात ई-पास बंद झाला होता. तरी आम्ही "आता दिवाळीलाच जाऊ" म्हणत बसलो. नोव्हेंबरात गेलो. बेड्यातून आत शिरताना काका समोर आले. मी नमस्काराला वाकलो, तर त्यांनी आशीर्वादाला डावा हात पुढे केला. आमच्या घरात डावा हात! उजव्याला फडकं गुंडाळलेलं.

"काय झालं?"

"काही नाही रे, नारळ सोलताना लागलं."

काकू काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी घासता घासता बोलल्या. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी काका आंब्याची फांदी कापत होते. पाऊस नुकताच पडून गेलेला. वायर खोडात अडकली म्हणून काकांनी करवत खाली ठेवली आणि वायर हाताने उचलली. उचलली ती नेमकी जोडावर. जोडाची पट्टी उष्णतेने सैल झालेली. आणि पाय? अनवाणी, पाटाच्या चिखलात. हात मिटला तो सुटेचना. ओरडताही येईना. शेजारचा मुलगा गडग्यापलीकडे झापं गोळा करत होता, त्याला काका नुसतेच वाकून उभे दिसले. काहीतरी विचित्र वाटलं म्हणून तो गडग्यावरून उडी मारून आला. पोराचं डोकं बघा, त्याने काकांना हात लावला नाही. आंबे काढायचा लांब सुका बांबू उचलला आणि वायर झटकून उडवली.

"तुला सांगू नको म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "मुलाने एवढ्या प्रेमाने पाठवलेली वस्तू, त्याला वाईट वाटेल म्हणे."

त्या रात्री मी ओटीवर झोपलो होतो. समुद्राचा आवाज येत होता. झोप लागली नाही. करवतीच्या खोक्यात पुस्तिका होती, ती मी पुण्यात पानन् पान वाचली होती. तिच्यात एक्स्टेन्शन वायरीवर अख्खं पान होतं. ते मी उलटून पुढे गेलो होतो, साखळीच्या तेलाकडे.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने आधी जुना बोर्ड उघडला. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, त्यात कोणीतरी (कोणीतरी म्हणजे काकांनीच) "सारखा उडतो" म्हणून जाड तार घातलेली. मी विचारलं, एवढा धक्का बसला तरी फ्यूज का उडाला नाही?

तो म्हणाला, "भाऊ, फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नाय."

खरंच आहे. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा तेहतिसावा भाग गेला तरी जीव धोक्यात येतो. फ्यूज वाट बघत बसतो अँपिअरांची. माणूस मेला तरी त्याला कळत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं, आरसीसीबी. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. ते एकच काम करतं. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांची तुलना करत राहतं. दोन्हीत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी भलतीकडून जमिनीत चाललीय, की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद. काका चिखलात उभे होते तेव्हा वीज नेमकी अशीच भलतीकडून चालली होती.

मग आम्ही तिघे वाडीत गेलो आणि पावलांनी अंतर मोजलं. मी म्हटलं, चाळीस मीटरची जाड वायर आणू. वायरमन म्हणाला, एवढी लांब कशाला? गोठ्यापर्यंत पक्की केबल पाइपातून जमिनीखालून नेऊ, गोठ्याच्या भिंतीवर झाकणाचा बॉक्स बसवू, मग हातातली वायर पंचवीस मीटरची पुरे. मला हे सुचलं नव्हतं. लांब वायर कशी घ्यावी याचा विचार मी करत होतो, आणि तो वीजच जवळ कशी आणावी याचा. वायर जितकी आखूड तितका दाब टिकतो, जितकी आखूड तितकी पायात कमी येते आणि कोयतीखालीही कमी सापडते.

दापोलीला खरेदीला गेलो तो प्रसंग मजेचा होता. काकाही हट्टाने बरोबर. दुकानदाराने विचारलं, "टॉप पाचचा की पंधराचा?" (हल्ली त्यांच्यावर ६ आणि १६ अँपिअर लिहिलेलं असतं, पण बोलण्यात अजून पाच-पंधराच.) ९ अँपिअर म्हटल्यावर छोटा टॉप बादच. मग वायर. काका म्हणाले, तीन-बावीस द्या. दुकानदार हसला, ती मापं गेली म्हणाला. आता या लवचिक वायरींवर तारा मोजून लिहितात. २४/०.२ म्हणजे ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा, ती पाऊण एमेम. ३०/०.२५ म्हणजे दीड एमेम, ५०/०.२५ म्हणजे अडीच. टीव्हीमागे लावतो त्या स्पाइक गार्डची वायर बहुधा पाऊण ते एक एमेमच्या घरातली, ती मोबाईल-टीव्हीसाठीच. बाहेरून वायर जाड दिसली म्हणून फसू नका. नुसतंच प्लॅस्टिक जाड आणि आत चार केस, असंही असतं. दुकानदाराने एक स्वस्त वायर सोलून तिची तार ब्लेडने खरवडून दाखवली. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि "हात्तिच्या!" म्हणाले.

आम्ही घेतली अडीच एमेमची, गोल, तीन कोअरची, पंचवीस मीटर. दीडचीही चालली असती. तेवढ्या अंतरावर तिच्यात ६ व्होल्ट गेले असते, अडीचच्या वायरीत साडेतीन जातात. पण गावचा दाब आधीच पडलेला, तिथे प्रत्येक व्होल्ट मोलाचा. आणि तिसरी तार, अर्थिंगची. करवतीच्या अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ती दुहेरी आवरणाची असते आणि तिला अर्थिंग लागत नाही, हे खरं. पण वायर काही फक्त करवतीसाठी राहत नाही. उद्या कोणी तिला पाण्याचा पंप लावेल, परवा पत्र्याच्या अंगाचं ड्रिल. म्हणून तिसरी तार हवीच, आणि ती बोर्डातून पुढे जमिनीपर्यंत पोचलेली हवी. आमची वादळात तुटून लोंबत होती! वायरमनने मीठ-कोळशाचा खड्डा नव्याने भरून दिला आणि उन्हाळ्यात त्यात रोज तांब्याभर पाणी घालायला काकूंना सांगितलं. त्या तुळशीबरोबर घालतात.

बिल झालं ते ऐकून काका जागीच थांबले. एकट्या वायरीचे पैसे करवतीच्या निम्म्याच्या पलीकडे गेले होते. "एवढ्यात थोडी भर घालून दुसरी करवत आली असती रे."

मी म्हटलं, "आणि ती लावली असतीत कशाला? मांडवाच्या वायरीलाच ना?"

काका काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुला फोन करून विचारायला हवं होतं मी. पण तू म्हणशील, काकांना एवढंही कळत नाही." मी म्हटलं, "काका, मी पाठवतानाच विचारायला हवं होतं." झालं, एवढंच. यापुढे आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

गोठ्यावरचा बॉक्स बसला, आरसीसीबी बसला. त्याच्यावर एक चाचणीचं बटण असतं, ते दाबलं की सगळं बंद पडायला हवं. काका महिन्यातून एकदा, संकष्टीला, ते दाबतात. करवत लावली तेव्हा मीटरने मोजलं. पडवीतून आंब्यापर्यंत सगळे मिळून पाच व्होल्टच्या आसपास कमी झाले. आणि तीच "दमाची नसलेली" करवत आंब्याच्या खोडात लोण्यात सुरी जावी तशी गेली. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरी आहे हो करवत." त्या दुकानदाराला मी नंतर फोन करून माफी मागितली. त्याला मी कोण तेही आठवत नव्हतं.

वायर घेऊन काम संपत नाही, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत कळलं. समुद्रकाठची खारी हवा टॉपच्या पितळी पिना हिरव्या करते. पिन सैल किंवा मळलेली असली की तिथेच गरम होते आणि सॉकेट काळं पडतं. म्हणून वापरून झालं की पुसून, घरात खुंटीवर. चिऱ्याचा गडगा म्हणजे कानसच, त्याच्यावरून वायर ओढली की आवरण सोललं. म्हणून गडग्यावर जुनं पोतं टाकून त्यावरून. पावसाळ्यानंतर एकदा सगळी वायर हातातून सरकवून बघायची (अर्थात टॉप काढून!), कारण उंदीर. कुठे कापली गेली तर पट्टी लावायची नाही. तिथून तोडून दोन आखूड वायरी करायच्या. हे शेवटचं काकांना पटायला सर्वात जास्त वेळ लागला.

अमेरिकेतल्या माझ्या चुलतभावाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे तर याहून जाड लागते. तिकडे १२० व्होल्ट, म्हणजे तेवढ्याच वॅटला जवळजवळ दुप्पट अँपिअर. आणि हल्ली बॅटरीवरच्या करवती मिळतात, वायरीची कटकटच नाही. पुतण्याने काकांना एक दाखवली. काकांनी उचलून पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "हिची बॅटरी संपली की ती चार्ज कुठे करणार? त्याच बोर्डावर ना?" असो.

मांडवाची ती लाल-पिवळी वायर मी टाकायला निघालो होतो. काकांनी टाकू दिली नाही. तिचे जोड स्वतः कापले आणि तुकडे काकूंना दिले, वेल बांधायला. आता आमचा कारल्याचा मांडव त्याच वायरीवर उभा आहे.

तर मंडळी, एवढंच सांगायचं होतं. आपण गावी वस्तू पाठवतो. मिक्सर, पंप, ग्राइंडर, करवत. ती तिथे कशाला जोडली जाणार आहे, बटणापासून किती लांब, पायाखाली ओल आहे का, हे विचारायला एक फोन पुरतो. माझा तो एक फोन राहिला. आज संध्याकाळी घरी बोलाल तेव्हा हवा, आंबा, पाहुणे झाले की विचारून बघा, "आपल्याकडे वायर कुठली आहे हो?"

आणि उत्तर "आहे घरातली, चांगली आहे" असं आलं, तर लगेच फोन ठेवू नका.